दहात किती

डॉक्टरबाईंची आणि काकांची पहिली भेट एका खिडकीत झाली, आणि ती संपेपर्यंत जगात एखादं युग उलटून गेलं असावं. निदान डॉक्टरबाई आजही तसंच सांगतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, हातात रक्ताची कुपी घेऊन त्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी धावत पोचल्या तेव्हा चौतिशीच्या, काळ्याभोर केसांच्या आणि जनावरांच्या त्या दवाखान्यात त्याच दिवशी रुजू झालेल्या होत्या. आणि खिडकीपासून मागे फिरल्या तेव्हा त्यांच्या निरोपसमारंभाचे हार आणायला माणूस गेलेला होता. मधल्या काळात कुपीतल्या रक्ताचा रंग विटला, भिंतीवरचं कॅलेंडर दोनदा बदललं, आणि बाहेर बाकावर टोपलीत बसलेला बोका आपण कशासाठी आलो होतो हेच विसरून गेला.

घड्याळाप्रमाणे ही भेट चार मिनिटं चालली.

खिडकीची काच इंचभर सरकली होती आणि आतून आवाज आला होता, "कोण?"

"मी नवीन डॉक्टर."

"तुमचं नाही हो विचारत. रक्त कोणाचं?"

"बोक्याचं."

"वय? खातो काय? बाहेर फिरतो का? औषध कुठलं चालू आहे? गोळी, थेंब, पावडर, मलम, काहीही?"

डॉक्टरबाईंनी एका श्वासात सगळं सांगितलं आणि कुपी पुढे केली. आतल्या हाताने ती घेतली नाही.

"आणि दहात किती?"

"काय दहात किती?"

"असे दहा बोके तुमच्यापुढे ओळीने बसवले. अगदी असेच. एवढेच सुकलेले, एवढंच पाणी पिणारे. त्यातल्या किती जणांची मूत्रपिंडं गेलेली निघतील?"

"अहो, ते कळावं म्हणूनच तर रक्त आणलंय ना!"

"ते मी सांगतोच. पण आधी तुम्ही सांगा. नाहीतर मी कागदावर जे लिहीन ते तुम्ही मान डोलवून घेऊन जाल."

"सात!" डॉक्टरबाई ओरडल्या. खरं तर त्यांना सातच्या ऐवजी दुसराच एक शब्द म्हणायचा होता.

"सात," आतला आवाज समाधानाने म्हणाला. फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आखलेल्या एका चौकोनात सातचा आकडा निगुतीने काढला गेला, आणि मग कुठे काच पूर्ण सरकली. आत एक बुटका, गोल, टक्कल पडलेला माणूस उभा होता, आणि तो चक्क डोळा मारत होता.

काकांचा डोळा मारण्याचा मुळीच इरादा नव्हता हे डॉक्टरबाईंना पुढे आठवड्याभराने कळलं. तीस वर्षं सूक्ष्मदर्शकात बघून बघून त्यांचा उजवा डोळा कायमचा अर्धा मिटला होता. पण नव्या माणसाला हे कोण सांगणार? एका पोपटवाल्या बाईंनी तर वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली होती. चौकशी झाली, आणि चौकशी करणाऱ्या साहेबांनाही काकांनी सगळा वेळ डोळा मारला.

काका या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला म्हणून लागले होते. मग काचपट्ट्या रंगवायला शिकले, मग पेशी मोजायला, मग मशीन आली तेव्हा मशीनशी भांडायला. हातमोजे घालून घालून त्यांचे तळहात लालबुंद झाले होते आणि पावडरीने सोलवटले होते. खोली दहा बाय बारा, तिच्यात एक फ्रिज, एक गरगर फिरणारं यंत्र, एक सूक्ष्मदर्शक, आणि भिंतीला टेकलेलं एक स्टूल, ज्याच्यावर बसलेलं त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. दवाखान्यात त्यांना नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकात. बाकी सगळ्यांना ते 'दहात-किती काका'.

त्या पेन्सिलीच्या चौकोनाशिवाय काका नमुना घेत नसत. डॉक्टरांनी आधी आपला अंदाज लिहायचा, मग तपासणी, मग रिपोर्ट हातात घेऊन अंदाज बदलायचा, आणि किती बदलला तेही शेजारी लिहायचं. शिकून आलेल्या डॉक्टरांना हा बाटल्या धुणाऱ्याचा आगाऊपणा वाटे. मोठे डॉक्टर तर चौकोनात मुद्दाम साडेअकरा लिहीत. काका ते शांतपणे खोडून परत पाठवत.

"रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे हो, डॉक्टर," ते डॉक्टरबाईंना म्हणत. "रिपोर्ट म्हणजे साक्षीदार. आणि साक्षीदार खरं बोलतोय की खोटं, हे तो कोणाबद्दल बोलतोय त्यावरही असतं."

याचा अर्थ डॉक्टरबाईंना कळला तो कुत्री पाळून विकणाऱ्या एका गृहस्थांमुळे. त्यांच्याकडे पन्नास कुत्री, सगळी ठणठणीत. गाभण कुत्रीची पिल्लं पाडणारा एक रोग असतो. तो आपल्याकडे नाही याची खात्री करावी म्हणून त्यांनी हौसेने पन्नासही कुत्र्यांचं रक्त तपासायला दिलं. एक कुत्री पॉझिटिव्ह निघाली. गृहस्थ घाबरे झाले. आजच्या आज तिला हलवा, रोग पसरेल, काय वाट्टेल ते करा!

"या जागेत पूर्वी कधी पिल्लं पडली होती?" काकांनी विचारलं.

"एकदाही नाही."

"बाहेरून नवीन कुत्रं आणलंत?"

"चार वर्षांत नाही."

"मग हा रोग इथे असण्याची शक्यता दहात किती? अर्धासुद्धा नाही. आणि ही माझी तपासणीची पट्टी शंभर निरोगी कुत्र्यांतल्या दोघांवर उगाच आळ घेते. म्हणजे पन्नासांत एकजण पकडला जाणारच होता. ही नसती तर तिची बहीण असती."

"मग परत त्याच पट्टीवर बघू या का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

काकांनी कपाळाला हात लावला. "एकाच शेजारणीकडून ऐकून आलेल्या दोघी साक्षीला उभ्या केल्या, तर दोघी एकच सांगणार. त्याला दोन साक्षी म्हणायचं? वेगळ्या गल्लीतला माणूस आणा."

वेगळ्या गल्लीतला माणूस म्हणजे रक्तातून प्रत्यक्ष जंतू वाढवून बघण्याची तपासणी. तिला तीन आठवडे लागले. तीनदा केली, तिन्हीदा जंतू उगवला नाही. त्या कुत्रीला पुढे सहा पिल्लं झाली, आणि गृहस्थांनी त्यातल्या सगळ्यात खोडकर पिल्लाला 'काका' हाक मारायला सुरुवात केली.

त्या दिवसापासून डॉक्टरबाई काकांच्या पंथात गेल्या. इतक्या, की घरी सासूबाईंनी "दूध नासलं असेल का गं?" विचारलं की त्या "दहात तीन" म्हणत. सासूबाई चहात ते दूध घालून टाकत आणि पहिला कप सुनेला देत.

आता पाहुण्याबद्दल.

पाहुणा म्हणजे काकांचा कुत्रा. पांढरा, आखूड पायांचा, जेमतेम सात किलोंचा. नऊ वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरच्या लोकांनी गावाला जाताना तो दोन दिवसांसाठी काकांकडे सोडला, आणि ते लोक तिकडेच स्थायिक झाले. त्याचं नाव विचारायचंही राहून गेलं होतं. काकांना आणि काकूंना मूलबाळ नव्हतं. पण काका पाहुण्याबद्दल एरवी अवाक्षर काढत नसत. दवाखान्यात रोज दीडशे जनावरं येतात, तिथे आपल्या कुत्र्याचं कौतुक सांगणं त्यांना हलकेपणाचं वाटे.

त्यामुळे एका सकाळी काका स्वतःच पाहुण्याला काखोटीला मारून तपासणीच्या खोलीत आले तेव्हा डॉक्टरबाई उभ्याच राहिल्या.

"पाणी फार पितोय," काका म्हणाले. "दिवसाला तीन वाट्या. खातोय हावऱ्यासारखा. पोट बघा."

पोट बघण्यासाठी वाकावं लागत नव्हतं. आखूड पायांच्या मधोमध ते जमिनीला टेकू पाहत होतं. पाठीवरचे केस विरळ झाले होते. डॉक्टरबाई तोंड उघडणार तोच काकांनी खिशातून रिपोर्टांची चळत काढली. त्यांनी आधीच सगळं करून टाकलं होतं. यकृताचं एक द्रव्य तिप्पट वाढलेलं. लघवीत कॉर्टिसॉल भरपूर.

मूत्रपिंडांच्या शेजारी शेंगदाण्याएवढ्या दोन ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य तयार करतात. म्हाताऱ्या कुत्र्यांत कधी कधी त्या बिघडतात आणि ते वारेमाप करत सुटतात; मग कुत्रा पाणी ढोसतो, अधाश्यासारखा खातो, पोट सुटतं, केस झडतात. त्यावर ग्रंथींना दाबून ठेवणारी गोळी मिळते. गोळी चांगली आहे. पण ग्रंथी बिघडलेल्या नसताना दिली तर कुत्रा एखाद्या दिवशी उभ्या उभ्या कोसळतो.

"लक्षणं तीच, यकृत तेच सांगतंय, लघवी तेच सांगतेय," काका म्हणाले. "गोळी लिहा."

डॉक्टरबाईंनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "काका, चौकोन रिकामा आहे."

"असू दे."

"दहात किती?"

"अहो, लिहा ना गोळी!" काका एकदम ओरडले. पाहुण्याने दचकून वर पाहिलं. काकांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मला नाही जमत आहे हो. पेन्सिल घेऊन तासभर बसलो होतो काल. स्टुलावर."

स्टुलावर बसले होते म्हटल्यावर डॉक्टरबाईंना परिस्थितीचं गांभीर्य कळलं.

"मग मी लिहिते," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सात लिहिलं. "सातवर मी ही गोळी देणार नाही. अजून एक तपासणी करू. वेगळ्या गल्लीतली."

ती तपासणी साधी होती. एक इंजेक्शन देऊन ग्रंथींना जोरात हाक मारायची, आणि तासाभराने रक्त घेऊन बघायचं, त्या ओ देतात का आणि किती मोठ्याने. बिघडलेल्या ग्रंथी बहुधा किंचाळून ओ देतात. निरोगी ग्रंथी बेताने देतात.

पाहुण्याच्या ग्रंथींनी ओ दिलीच नाही. हाक मारण्याआधी कॉर्टिसॉल नावाला, हाक मारल्यानंतरही तेवढंच.

काकांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "किट खराब आहे."

त्यांनी नवीन किट फोडलं. तेच उत्तर. मशीनची पट्टी बदलली. तेच उत्तर. तिसऱ्यांदा लावायला घेतलं तेव्हा डॉक्टरबाई खिडकीत उभ्या होत्या.

"रिपोर्ट पटला नाही म्हणून परत लावायचा नसतो, असं कोणीतरी मला शिकवलं होतं."

"तो माणूस मूर्ख होता," काका मागे न बघता म्हणाले. "हे बघा. लक्षणं एका बाजूला, यकृत एका बाजूला, लघवी एका बाजूला. तीन विरुद्ध एक. हा एकटाच वाकड्यात शिरलाय. सोडून द्या त्याला आणि गोळी द्या. आज रात्रीपासून सुरू करतो."

"काका, रिपोर्टांचं मतदान घ्यायचं नसतं."

"मग काय करायचं असतं?"

"चौघेही खरं बोलताहेत असं धरून चालायचं. एकदा तरी. आणि चौघांना पुरेल अशी एकच गोष्ट आहे का बघायचं." डॉक्टरबाई खिडकीच्या कट्ट्यावर बोटाने मोजू लागल्या. "अंगात कॉर्टिसॉल भरपूर आहे, हे लघवी सांगतेय. ग्रंथी ते करत नाहीयेत, हे इंजेक्शन सांगतंय. त्या तर झोपल्या आहेत. काम नसलेल्या माणसासारख्या. मग ते येतंय कुठून?"

काका तोंड उघडून बघत राहिले. त्यांचा मिटलेला डोळासुद्धा उघडला होता.

"बाहेरून," ते म्हणाले. आणि लगेच, "पण शक्यच नाही. मी त्याला काहीही देत नाही. फॉर्मवर लिहिलंय बघा, 'औषधे: नाही.' माझ्याच अक्षरात."

"संध्याकाळी घरी येते," डॉक्टरबाई म्हणाल्या.

काकांचं घर दवाखान्यामागच्या गल्लीत, तळमजल्यावर. दोन खोल्या, पुढच्या खोलीत एक पलंग, दोन खुर्च्या, आणि दाराशी पाण्याचं भांडं, ज्यात पाहुणा मानेपर्यंत बुडालेला होता. काकू स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या. डॉक्टरबाईंनी कोरा फॉर्म काढला.

"वय?"

"माहिती आहे तुम्हाला," काका म्हणाले.

"वय, काका?"

"दहा. अंदाजे."

"खातो काय?"

काकांनी सांगितलं. आतून काकूंनी तीन गोष्टींची भर घातली आणि काकांनी दोन नाकारल्या.

"बाहेर फिरतो?"

"सकाळी आणि संध्याकाळी, माझ्याबरोबर. दोरी सोडत नाही. बाकी दिवसभर दारात बसून वाट बघतो माझी." इथे काकांचा आवाज बदलला. डॉक्टरबाईंनी तो आवाज कधी ऐकला नव्हता. "खोटं वाटेल तुम्हाला, पण मी आलो की हा आधी जेवायला जात नाही. मी चहा पितो, हातपाय धुतो, इथे पलंगावर बसतो, की हा येऊन माझे दोन्ही हात चाटतो. अर्धा अर्धा तास. बोटांच्या मधून, मनगटापर्यंत. गेल्या चार-पाच महिन्यांत तर फारच लळा लागलाय. म्हातारपणी माणसं हळवी होतात ना, तसं. मी काही बोलत नाही कोणाजवळ, पण एवढा जीव मला आजवर कोणी लावला नाही."

"मी आहे इथे," काकू आतून म्हणाल्या.

"तुझं वेगळं."

डॉक्टरबाईंनी पेन्सिल खाली ठेवली नाही. "औषध? गोळी, थेंब, पावडर, मलम, काहीही?"

"सांगितलं ना, नाही. कुत्र्याला मी मलम कशाला लावीन?"

"कुत्र्याला नाही, काका. घरात कोणाला?"



"यांच्या हाताला आहे की," काकू विळी आडवी करून दारात आल्या. "त्या मोज्यांनी कातडी गेली होती ना, त्वचेच्या डॉक्टरांनी दिलंय. हातपाय धुतले की लावायचं. त्यांनी सांगितलं होतं चिमूटभर. हे लावतात पोळीला तूप लावल्यासारखं. का गं, काय झालं?"

काकू फडताळातून ट्यूब घेऊन आल्या. ती खालून नीट गुंडाळत आणलेली, जवळजवळ संपलेली होती. डॉक्टरबाईंनी तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि ट्यूब काकांपुढे धरली. काकांना वाचायची गरज नव्हती. मलमात तेच कॉर्टिसॉल होतं, फक्त औषधांच्या दुकानातल्या नावाने. चार-पाच महिने पाहुणा ते रोज संध्याकाळी मनगटापर्यंत खात होता. ते सकाळच्या लघवीत उतरत होतं, आणि दुपारी रक्त घेईपर्यंत अंगातून ओसरलेलं असे. आणि आयतं मिळतंय म्हटल्यावर त्याच्या ग्रंथींनी कामच सोडून दिलं होतं. त्या झोपलेल्या ग्रंथींवर काका आज रात्रीपासून त्यांना दाबून टाकणारी गोळी देणार होते.

काका उठून मोरीत गेले आणि कोपरापर्यंत हात धुवायला लागले. एकदा, दोनदा, तीनदा. शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टर धुतात तसे. पाहुणा मोरीच्या दाराशी बसून हे नुकसान बघत होता.

"तीस वर्षं गावाच्या जनावरांची चौकशी," काकू म्हणाल्या. "घरात मात्र मला कोणी काही विचारत नाही."

"तिला सांगा, मी ऐकलं," काका आतून म्हणाले. मग ओल्या हातांनीच बाहेर आले, डॉक्टरबाईंच्या पिशवीतला दवाखान्यातला जुना फॉर्म मागून घेतला, 'औषधे: नाही' यातला 'नाही' खोडला आणि तिथे मलमाचं नाव, मात्रा आणि 'मालकाच्या हातावरून' असं लिहिलं. ओल्या बोटांनी अक्षर फिसकटलं होतं, पण ओळ सरळ होती.

मलम एकदम बंद करून भागणार नव्हतं. ग्रंथी जाग्या होईपर्यंत कुत्र्याचं अंग ढासळलं असतं. डॉक्टरबाईंनी तेच द्रव्य बारीक गोळ्यांतून द्यायला सांगितलं, दर आठवड्याला थोडं कमी. काका आता हातांना मलम लावत ते चिमूटभर, दवाखान्यात, निघण्याच्या तीन तास आधी. आणि निघताना साबणाने धुऊन टाकत. त्वचेच्या डॉक्टरांनी वेगळ्या जातीचे मोजे सुचवले. ते खरं तर त्यांनी आधीही सुचवले होते.

तीन महिन्यांनी पुन्हा इंजेक्शन देऊन हाक मारली. ग्रंथींनी ओ दिली, बेताने, निरोगी आवाजात. काका रिपोर्ट घेऊन खिडकीतून अर्धे बाहेर आले आणि समोर उभ्या असलेल्या मोठ्या डॉक्टरांना त्यांनी दोन्ही डोळे मारले.

पाहुण्याचं पोट आत गेलं. पाठीवर केस आले, पूर्वीपेक्षा थोडे कुरळे. पाणी दिवसाला एक वाटी. पुढे तो सव्वादोन वर्षं जगला आणि म्हातारपणानेच गेला.

हात मात्र त्याने चाटणं सोडून दिलं. काका संध्याकाळी घरी आले, चहा पिऊन, हातपाय धुऊन पलंगावर बसले, की तो एकदा येऊन त्यांची बोटं हुंगे, आणि मग स्वयंपाकघरात काकूंच्या पायाशी जाऊन झोपे.